पाटाचं टोक

"चिमाजीआबा, पाटाचं टोक तुमी शेवटचं कवा बघितलं?"

ठकूनं विचारलं आणि बंधाऱ्यावरची सारी बैठक तिच्याकडं वळली. तंबाखू मळणारे अंगठेसुद्धा तळहातावर थांबले. खरं तर ही पैज होती. भोरच्या शाळेतून उत्रोलीला परतताना साळू म्हणाली होती, "वर्गात लई टुरटुर करतीस. बैठकीत इचारून दाव, माझी समदी बोरं तुझी!" आता साळू आणि दुसरी मैत्रीण अंबू धुण्याच्या दगडाआड तोंड दाबून बसल्या होत्या.

ठकूला मात्र हसू येत नव्हतं. बंधाऱ्यातून निघालेला पाट साऱ्या गावाचा, पण त्याच्या अगदी शेवटी रान होतं ते तिच्या बापाचं, गेनबाचं. तिथला गहू पोटरीला आला होता, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि दुपार झाली की पाण्यावाचून पानांची सुरळी व्हायची. गेल्या साली तो असाच वाळला आणि गुरांपुढं गेला. यंदाही गेला तर बा संक्रांतीनंतर मुंबईला जाणार होता, गिरणीत. तसं त्यानं घरी सांगितलंही होतं, भाकरी मोडता मोडता, कुणाकडं न बघता.

चिमाजीआबा गावाचे पाटकरी. कुणाच्या रानाला पाणी कधी द्यायचं, ते त्यांनी बघायचं. माणूस इतका मायाळू की शाळेच्या पोरी दिसल्या की ओंजळभर फुटाणे द्यायचे. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी तोंडात त्यांचेच फुटाणे असायचे!

"पोरी, रोज पाटावरच्या आंब्यापतूर जातो की मी," आबा म्हणाले. "आंब्याखाली पाणी कसं खळाळतंय!"

"आंब्याला मिळतंय, आबा. आमचा गहू आंब्याच्या फुडं हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. बंधाऱ्याला लागूनच ज्याचं रान, तो कुंडलिक म्हणाला, "गेनबा, बोलायला लेक ठिवलीस व्हय? तुझी जीभ कुठं गेली?"

गेनबानं मान खाली घातली. चार माणसांत पाणी मागायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास मागितल्यागत त्याला वाटायचं.

आबांनी काठी टेकली. "गुडघं दुखत्यात म्हून आंब्यापासनं माघारी फिरतो. टोक कवा बघितलं, खरंच ध्यानात न्हाई. चला, समदीच जाऊ. ठके, खांदा दे."

आणि अख्खी बैठक पाटाच्या बांधावरून निघाली! पुढं आबा आणि ठकू, मागं आबांचं खोरं घेतलेला कुंडलिक, त्याच्यामागं धोतरं खोचलेली गडीमाणसं. चार पावलं गेली नाहीत तोच कुंडलिकच्याच रानापाशी ही मोठी खांड. पाणी घ्यायला बांध फोडला होता, पण पाळी संपल्यावर तो बुजवायचाच राहिला होता. रानात नुसतं तळं झालं होतं.

"कुंडलिककाका, बदकं पाळायची हायेत का?" ठकू म्हणाली.

"खेकड्यानं पोखरलं आसंल," कुंडलिक पुटपुटला.

"मग खेकड्याकडं खोरं हुतं म्हणायचं," आबा म्हणाले.

असा हशा पिकला की कुंडलिकलाही हसू आवरेना. हसत हसतच त्यानं खांड बुजवली. मग तर मजाच झाली. ज्याचं रान जवळ येई तो भराभरा पुढं जाऊन आपली खांड गुपचूप बुजवू लागला. कुणी पायानंच ढेकळं सारली, कुणी हातानं चिखल थापला, आणि वर असा चेहरा करून उभा की जणू वाराच घेतोय.

आंबा आला. आबा सवयीनं माघारी वळू लागले. ठकू तिथंच उभी राहिली.

"व्हय बाई, चालतोय की," आबा म्हणाले.

आंब्याच्या पुढं पाट कोरडा, गवतानं बुजलेला. टोकाला ठकूची आई सगुणाबाई गव्हात खुरपत होती. एवढी माणसं बघून तिनं पदर सावरला. "काय झालं? ठकीनं काय केलं आता?"

आबांनी गव्हाचं सुरळी झालेलं पान बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"गेनबा, लेकरा, मला सांगायचं तरी."

"तुमास्नी काय सांगायचं, आबा? पोरीला रोज फुटाणं देता तुमी."

इतक्यात मागं गवत सळसळलं. पाणी! काटक्या आणि फेस ढकलत ते माणसांच्या मागोमाग टोकापर्यंत आलं होतं. आबांच्या वहाणा भिजल्या, तरी ते हलले नाहीत.

"ज्याला पाणी शेवटी, त्यानंच पाट बघावा," ते म्हणाले. "त्याला टोकापतूर यावंच लागतंय. गेनबा, आता पाटकरी तू, हे खोरं तुझं."

"व्हय, व्हय," माणसं म्हणाली. कुंडलिकनं खोरं पुढं केलं.

गेनबा मागं सरकला. "चार माणसांत मला बोलायचं जमत न्हाई. आन् संक्रांतीनंतर मी..."

ठकू पाटातच उभी होती, परकर भिजवून. कुंडलिकच्या हातातलं खोरं तिनं स्वतःच घेतलं.

"बा, आये, दोगंबी ऐका. उद्यापासनं मी रस्त्यानं शाळंला जाणार न्हाई, पाटाच्या बांधानं जाणार. खांड दिसली की ज्याची आसंल त्याला हाका मारून उठीवणार, मग कुंडलिककाका का आसंना. बोलायचं माझ्याकडं, पाणी सोडायचं तुमच्याकडं. धरा हे खोरं, बा. मुंबईला कुणी जाणार न्हाई. म्या ठरीवलंय!"