कुणी उचलायचं नाही

कारखान्यात उज्वला पाणी पीत नसे. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, तोही आई राहीबाई समोर उभी राहिली तर. मग संध्याकाळी परत येईपर्यंत घसा कोरडा. दिवस मे महिन्याचे, वर पत्र्याचं छप्पर आणि शेडमध्ये वेल्डिंगची धग. कुणी विचारलंच तर ‘मला तहान लागतच नाही’ असं ती हसून सांगायची. साफ खोटं. तहानेनं जीव जायचा. पण पाणी प्यालं की जावं लागतं, आणि बायकांचा एकुलता एक संडास शेडच्या कोपऱ्यात तीन पायऱ्या चढून होता. उज्वलाचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. तिला तिथं जायचं म्हणजे दोघा पुरुषांनी उचलायचं, दारात सोडायचं, बाहेर कान देऊन उभं राहायचं आणि आटोपलं की पुन्हा उचलून आणायचं. त्यापेक्षा तहान पुष्कळ बरी.

आणि हा कारखाना काम कसलं करत होता? अपंगांची सोय करण्याचं! हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

परदेशातल्या कुठल्याशा शहरात जमिनीखालून गाड्या धावत. चाळीस वर्षं धावून त्या खिळखिळ्या झाल्या होत्या. नव्या घेणं परवडेना म्हणून जुन्याच नीट करायच्या ठरल्या, आणि तिथल्या अपंग माणसांनी फार आरडाओरडा केल्यामुळे त्यात व्हीलचेअर जाईल अशी सोय करायचीही ठरली. कामं वाटली गेली. दारं, आसनं, आतले दांडे आणि चढायची पत्र्याची घडीची फळी हे रबाळ्याच्या या कारखान्याकडे आलं. नमुन्यासाठी एक अख्खा डबा जहाजातून न्हावाशेव्याला उतरला आणि ट्रेलरवरून इथं आला. चाकं काढून तो ओंडक्यांवर ठेवला, तेव्हा त्याची जमीन शेडच्या फरशीपासून गुडघाभर उंच राहिली. तेवढी उंची चढायला ती फळी.

सगळं झालं आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की फळीवरून व्हीलचेअर चढते का ते पाहायला व्हीलचेअरवालं माणूस तर हवं. मॅनेजर श्यामसुंदरसाहेबांनी आधी एका धडधाकट पोराला खुर्चीत बसवून पाहिलं. तो फळीवर अडला की पाय टेकून ढकलायचा. शेवटी शोधाशोध झाली, आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या बाबासो नावाच्या हमालाची मुलगी खुर्चीत असते, बारावी आणि टायपिंग झालेली आहे, असं कळलं. उज्वला कामाला लागली. काम काय, तर चढायचं, वळायचं, उतरायचं आणि कुठं अडतं ते सांगायचं.

त्या डब्यावर तिचा जीव जडला. का जडू नये? साऱ्या नव्या मुंबईत ही एकच जागा अशी होती, जिथं ती स्वतःच्या हातांनी आत जायची आणि मनात येईल तेव्हा बाहेर यायची. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ती फळीवरून वर जाई, खिडकीशी खुर्ची लावी आणि उगाच बसून राही. मग खाली येई. मग काही कारण नसताना पुन्हा वर. फिटर पंढरीनं एकदा तिला तसं पाहिलं. पंढरी बोनकोड्याचा. हा कारखाना उभा आहे त्याच्या आसपास कुठंतरी त्याच्या आज्याची भाताची खाचरं होती.

“तिकरं गारी जमनीच्या पोटातून जाते म्हनं,” तो म्हणाला. “इकरं आमची जमीनच यांनी पोटात घातली गो.”

उज्वला हसली. पंढरीचा राग तोंडावर असायचा, तिला ते बरं वाटायचं. तिचा स्वतःचा राग बाहेर पडायला वाट नव्हती. कारण रागवायचं कुणावर? आयुष्यात कुणी तिच्याशी वाईट वागलंच नव्हतं. सगळे तिला उचलायचे.

सगळ्यात जास्त उचललं ते बाबासोंनी. साताऱ्याकडून आलेला हा माणूस एपीएमसी मार्केटात धान्याची पोती वाहायचा आणि उरलेल्या वेळात मुलीला वाहायचा. शाळेचा दुसरा मजला, दवाखाना, लग्नाचे हॉल, सगळीकडे ती बापाच्या पाठीवरून गेली. वसाहतीत लोक म्हणत, बाप असावा तर असा. हे ऐकून उज्वलानं मान डोलवायची. मान डोलावताना तिच्या नाकात मार्केटातल्या घामाचा, गोणपाटाचा वास यायचा आणि तिला वाटायचं, आपणही एक पोतंच. पोत्याला कुठं विचारतात, कधी निघायचं म्हणून? असं वाटल्याबद्दल मग रात्रभर स्वतःचीच चीड यायची.

मागच्या दिवाळीत दवाखान्याच्या जिन्यावर, ती पाठीवर असताना, बाबासोंचा गुडघा दगा देऊन गेला. दोघं चार पायऱ्या गडगडली. “चप्पल घसरली,” ते म्हणाले. चप्पल घसरली नव्हती. त्यानंतर तिला उचलताना त्यांचे हात थरथरायचे आणि ती डोळे मिटून घ्यायची. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

परदेशी पाहुणा डबा तपासायला यायच्या आदल्या दिवशी श्यामसुंदरसाहेबांनी तिला बोलावलं. म्हणजे तेच खाली आले, कारण ऑफिस लोखंडी जिन्यानं वर होतं.

“उद्या डबा पास झाला की तुझी नोकरी पक्की,” ते म्हणाले. “टेलिफोन आणि टायपिंग. वर ऑफिसात, पंख्याखाली.”

नोकरी! तिनं जिन्याकडे पाहिलं.

“सर, वर कशी येणार मी?”

“त्याचं काय टेन्शन? चार पोरं आहेत ना, उचलून नेतील. सकाळी वर, संध्याकाळी खाली. नाहीतर तुझे वडील आहेतच.”

“टेलिफोन खाली नाही का ठेवता येणार? आणि सर, त्या संडासाला एक फळी... आपण इतक्या फळ्या बनवतो.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. “अगं, तो एक्स्पोर्टचा माल आहे. आणि तिकडची माणसं फार कटकट करतात म्हणून त्यांना एवढं करून द्यावं लागतं. आपल्याकडे माणुसकी आहे. आपल्याकडे कुणीही उचलतं की नाही?”

उज्वलाच्या डोक्यात काहीतरी तडकलं ते तडकलंच. घरी येऊन तिनं बाबासोंना नोकरीचं सांगितलं, जिन्याचंही सांगितलं.

“मग मी हाय की,” बाबासो म्हणाले. “आजवर न्हेलं, आता का न्हाई न्हेनार? मार्केटात जायच्या आदी वर सोडीन तुला.”

“आणि तुमचा गुडघा?”

“काय झालंय माझ्या गुडघ्याला?”

“आबा, तुम्ही पडलात त्या दिवशी. चप्पल घसरली नव्हती.”

बाबासोंचा चेहरा उतरला. राहीबाई भाकरी थापायची थांबली. “बापाला आसं बोलत्यात व्हय गं? ज्यानं आयुष्यभर खांद्यावर—”

“मला नाही बसायचं खांद्यावर!” उज्वला किंचाळली. “एकदा तरी विचारलंत का मला? आणखी वरून पडलो असतो तर दोघं मेलो असतो आणि लोक म्हणाले असते, बाप असावा तर असा!”

घरात कुणी जेवलं नाही. बाबासो बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

सकाळी निघायच्या आधी उज्वलानं आईकडे पाणी मागितलं. एक तांब्या प्याली, मग दुसरा. राहीबाईला नवल वाटलं.

कारखान्यात रांगोळी, हार, नारळ, सगळा थाट होता. साहेबांची सूचना अशी, की पाहुणे यायच्या आधी पोरीला आत आणून फळीसमोर बसवायचं. दारातला उंबरा, उचलाउचली हे त्यांच्या नजरेला पडायला नको. त्यासाठी बाबासोंनाही थांबवून घेतलं होतं. ते मार्केटातल्याच कपड्यांत आले होते, कमरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा खोचलेला. मुलीशी ते बोलले नव्हते. उंबऱ्यावरून मात्र त्यांनीच तिला आत घेतलं.

पाहुणा उशिरा आला. गोरा, उंच, घामाघूम. उज्वला फळीवरून चढली, आत वळली, दांडा धरला, उतरली. टाळ्या झाल्या. पाहुण्यानं मान डोलावली, साहेबांनी त्याचा हात दाबला, फोटोवाला पुढं झाला.

“उज्वला, पुन्हा एकदा चढ बरं, फोटोसाठी.”

तिनं खुर्ची वळवली आणि डब्याकडे पाठ करून सरळ कोपऱ्याकडे निघाली. त्या तीन पायऱ्यांशी जाऊन थांबली.

“इकडे, इकडे!” साहेब ओरडले.

“मला संडासला जायचंय,” ती म्हणाली. आवाज असा काढला, की वेल्डिंग थांबलं.

माणसं लाजली. दोघं पोरं धावत आली, बाह्या सरसावून. त्यांच्या मागून बाबासो.

“हात लावायचा नाही!” उज्वलानं दोन्ही चाकं घट्ट धरली. “कुणी उचलायचं नाही मला. महिना झाला मी इथं पाणी पीत नाही, माहितेय? महिनाभर! त्या परक्या लोकांसाठी फळी आहे आणि मला तुमची माणुसकी. मला माणुसकी नको. मला आत जायचंय.”

साहेब जवळ आले, हसरा चेहरा तसाच ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, “पाहुण्यांसमोर तमाशा करू नकोस. नोकरी हवीय ना तुला?”

“हवीय.”

“मग गप उचलू दे.”

“नाही.”

पोटात कळ येत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं. तिनं बापाकडे पाहिलं. बाबासो पुढं केलेले हात तसेच धरून उभे होते. आयुष्यभर त्या हातांना एकच काम ठाऊक, आणि पोरगी आज चारचौघांत नाही म्हणत होती. त्यांनी हळूहळू हात खाली घेतले.

तेवढ्यात पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज झाला. पंढरीनं डब्याची फळी काढली होती आणि एकटाच ती ओढत आणत होता.

“पंढरी, ती एक्स्पोर्टची आहे! ओरखडा गेला तर—”

“जाऊं दे,” पंढरी म्हणाला आणि फळी पायऱ्यांवर आदळली.

उज्वला वर चढली. चढ खडा होता, दंड भरून आले, पण चढली. दारापाशी आली आणि खुर्ची खाडकन थांबली. दार अरुंद होतं. दोन्ही चाकांच्या बाहेरच्या, हातानं फिरवायच्या कड्या चौकटीला अडल्या. तिनं मागं घेऊन पुन्हा जोर लावला. पुन्हा खाडकन. मागं कुणीतरी हसलं, आणि साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “बघितलंस? आता तरी उचलू देशील?”

कुणी काही बोलायच्या आत बाबासो फळी चढून वर आले. गुडघा धरत, एकेक पाऊल टाकत आले. उज्वलाला वाटलं, आता हे आपल्याला उचलणार, आणि आपल्या अंगात नाही म्हणायचं बळ उरलेलं नाही. पण बाबासो तिच्या कडेनं पुढं गेले. कमरेचा आकडा काढला आणि चौकटीत रुतवला. ओलीनं कुजलेलं लाकूड करकरलं. त्यांनी पोतं ओढावं तसं अंग मागं टाकलं, आणि एक बाजू विटांसकट निघून आली. मग दुसरी. दार कडीसकट त्यांच्या अंगावर आलं, ते त्यांनी दोन्ही हातांत झेललं.

“जा,” ते म्हणाले. “तुजी तू जा.”

चाकं आत गेली. हातांच्या जोरावर खुर्चीतून उतरायची तिला घरी रोजची सवय होती. दाराच्या जागी बाबासो पाठ करून उभे राहिले, ते उपटलेलं दार छातीशी उभं धरून, साहेबांकडे, पाहुण्याकडे, साऱ्या कारखान्याकडे तोंड करून. तोंडानं ते एवढंच म्हणाले, “तिकडं बगा सगळी.” आणि सगळ्यांनी, साहेबांनीसुद्धा, मान फिरवली.

पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. त्याला डबा पसंत होता. संडास त्याच्या कामात मोडत नव्हता.

उज्वला बाहेर आली. फळीवरून ती स्वतः उतरली. साहेब तिची वाटच पाहत होते. “उद्यापासून यायची गरज नाही,” ते म्हणाले. “आणि दाराची भरपाई तुझ्या बापाकडून घेणार.”

तिनं ऐकलं. नोकरी तिला खरंच हवी होती. मग ती खुर्ची वळवून पाण्याच्या माठाकडे गेली. पंढरीनं पेला भरून दिला. सगळ्यांच्या देखत तिनं तो घटाघटा संपवला, हनुवटी पुसली आणि पेला पुन्हा पुढं केला.

“भर,” ती म्हणाली. “अजून तहान आहे.”