खडूची फुली

कारखान्यात सगळे त्यांना चुंबकराव म्हणत. जुन्या हार्ड डिस्कवरची माहिती कायमची पुसून टाकणं हे त्यांचं काम. बँका, दवाखाने, कचेऱ्या आपल्या म्हाताऱ्या डिस्क पेट्या भरभरून पाठवत आणि चुंबकराव त्या चुंबकाच्या यंत्राच्या खणात सरकवत. झाकण लावलं, बटण दाबलं, आत धाडकन एक ठोका, की खेळ खलास. गंमत अशी की डिस्कवर साधा ओरखडाही उठत नाही. मेलेली आणि जिवंत शेजारी ठेवली तर ब्रह्मदेवालाही ओळखू यायची नाही. म्हणून पुसलेल्या डिस्कवर खडूने फुली मारून ती वेगळ्या पेटीत टाकायची पद्धत चुंबकरावांनीच पाडली होती. फुली असलेली डिस्क पेटीबाहेर दिसली, तर विचारत बसायचं नाही, सरळ पुन्हा फिरवायची, हा नियमही त्यांचाच. दोनदा पुसल्याने काही बिघडत नाही, न पुसलेली बाहेर गेली तर अब्रूचं खोबरं. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेजारच्या टेबलावर जुन्या संगणकांतून डिस्क सोडवणाऱ्या काकूंना ते तोंडपाठ होतं.

त्या सकाळी त्यांनी पिशवीतून घरच्या जुन्या संगणकातली डिस्क आणली होती. लेक दुसरीत असताना त्यांची बायको गेली. अंथरुणावर पडल्यापडल्या तिने लेकीसाठी आपल्या आवाजात पाढे म्हणून ते संगणकात साठवले होते. सतराच्या पाढ्यात एके ठिकाणी चुकली आणि खुदकन हसली. ते हसू तेवढं तिथे उरलं होतं, आणि संगणक तर कधीचा बंद पडलेला. परवा लेक म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवत नाही." ती सहसा काही मागत नाही, म्हणून चुंबकराव लगेच चौकशीला लागले. इमारतीच्या वरच्या मजल्यावर बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करणारा एकजण होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो म्हणाला, घेऊन या, दुपारी बघतो.

डिस्क पिशवीतच ठेवली असती तर काही झालं नसतं. पण पिशव्यांची खुंटी यंत्रामागच्या भिंतीला, आणि चुंबकाची धास्ती त्यांच्याइतकी कोणाला? त्यांनी ती काढून यंत्रापासून लांब, आपल्या टेबलावर ठेवली. चुकून कोणी यंत्रात घालू नये म्हणून वर खडूने ठसठशीत फुली मारली. एवढा शहाणपणा केला आणि फाटकाशी गाडी आली म्हणून माल उतरवून घ्यायला गेले.

परतले तर काकू हात पुसत होत्या.

"तुमच्या टेबलावर एक राहिली होती," त्या म्हणाल्या. "फुली होती, पण पेटीबाहेर. म्हटलं, शंका नको. फिरवली पुन्हा."

काकूंच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. चुंबकरावांना ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणावर? "बरं केलंत," ते म्हणाले.

तरीही ते वर गेले. वेडी आशा, दुसरं काय. डॉक्टरने डिस्क जोडली. आतून नुसती टकटक आली. त्याने फुलीकडे पाहिलं, मग चुंबकरावांकडे, आणि वायर काढली.

संध्याकाळी दार लेकीनेच उघडलं. त्यांनी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्यांना सोसलं असतं. ती नुसती समोर बसली. डिस्कवरची फुली तिने अंगठ्याने पुसली.

"तुम्हीच म्हणून दाखवा ना, बाबा," ती म्हणाली. "सतराचा. आई म्हणायची तसा. चुकायची तिथे चुका."

चुंबकरावांनी घसा खाकरला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते सावकाश म्हणत गेले, प्रत्येक आकड्यापाशी थांबत, इथे असेल, आता पुढच्याला असेल असं चाचपत. बायको नेमकी कुठे चुकली होती ते त्यांना काही केल्या आठवेना, आणि पाढा शेवटपर्यंत बिनचूक आला.