ठमीची पापणी

कर्जतच्या वर, डोंगरातल्या ठाकरवाडीत ठमी राहायची. करवंदं तोडताना तिच्या डाव्या पापणीवर काटा ओरखडला. तिनं पदरानं रक्त पुसलं आणि पाटी घेऊन भिसेगावला विकायला गेली. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला. खालच्या डॉक्टरांनी किडा चावला असेल म्हणून गोळ्या दिल्या. पण दुपार कलेपर्यंत पापणी काळीजांभळी पडली, अंगात ताप भरला, आणि कळ इतकी की गालाला वारा लागला तरी ती कण्हायची.

नवरा वाघ्या म्हणाला, गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो, उद्या बघू. ठमीनं ऐकलं नाही. नणंद जयवंताचा हात धरून ती डोंगर उतरू लागली. वाघ्या मागून आला. खाली टेंपो मिळाला आणि तिघं पनवेलच्या मोठ्या इस्पितळात पोचली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. असा आजार क्वचितच दिसतो, त्या म्हणाल्या. ओरखड्यातून जंतू शिरलेत, कातडीखालचं मांस सडत चाललंय. नुसत्या औषधानं थांबणार नाही, सडलेलं आजच कापावं लागेल. पापणी जाईल, डोळ्याचीही खात्री नाही. थांबलो तर जिवावर बेतेल.

वाडीतल्या जाणत्यांना विचारून येतो, असं वाघ्या पुटपुटला.

"कुणाला इचारतोस रं?" ठमी म्हणाली. "डोळा माजा हाय. कापा, बाई."

दोनदा कापावं लागलं. डोळा वाचला, वरची पापणी गेली. झोपेतही डोळा उघडाच राहायचा, म्हणून सारखं मलम घालावं लागे. ते काम वाघ्यानं स्वतःकडे घेतलं. ठमीनं जयवंताच्या मोबाईलमध्ये स्वतःचं तोंड पाहिलं, पोटभर रडली, मग नवी पापणी कधी बसवणार ते विचारलं.

जखम भरल्यावर कानामागची कातडी काढून पापणी केली. ती आक्रसली आणि डोळा अर्धाच मिटू लागला. पुन्हा करता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाघ्याला तिचे हाल बघवत नव्हते. आता पुरे, असं त्यानं विनवलं.

"अर्ध्यावर नाय सोडायची," ठमी म्हणाली.

काही महिन्यांनी ती पुन्हा टेबलावर झोपली. पट्टी सुटली तेव्हा पापणी जाड होती, केस नव्हते. डॉक्टरीणबाईंनी डोळा मिटायला सांगितलं. तो पूर्ण मिटला. आता उघड, असं त्या म्हणाल्या, तरी ठमीनं तो उघडला नाही. वाघ्याचा हात चाचपून घट्ट धरला आणि तशीच पडून राहिली.