येलेचा डबा

येले काट्यावर उभा राहिला आणि मार्लूसने टाळ्या वाजवल्या. तीन महिन्यांत चार किलो कमी. पोरांनीही वाजवल्या, कारण मोठी माणसं वाजवत होती. वसुधाने वाजवल्या नाहीत. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्याकडची कुठलीही मावशी म्हणेल तेच म्हणाली, फक्त डचमध्ये.

"किती वाळलास रे. घरी खायला देतात की नाही?"

टाळ्या थांबल्या. नऊ वर्षांच्या येलेचे कान लाल झाले. तो काट्यावरून उतरला आणि बूट न घालताच आत निघून गेला.

पुण्यात या वाक्यावर पोरगं हसतं आणि त्याच्या हातावर लाडू पडतो. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकमध्ये या वाक्याची तक्रार होते. मार्लूस सेंटरची प्रमुख, बाई वाईट नाही, पण तिने वसुधाला बाजूला घेतलं. म्हणाली, हा आरोप झाला, त्याची आई घाबरेल, उद्यापासून पोराला पाठवणारही नाही. वसुधाने सॉरी म्हटलं. डचमधलं तेवढंच तिला चटकन जमायचं.

वसुधा सेहेचाळीसची. पुण्यात बालवाडी चालवायची, इथे शाळा सुटल्यावर पोरं सांभाळणाऱ्या सेंटरात मदतनीस. वस्ती गरीब, पोरं बरीचशी जाड, म्हणून खेमेंटेने, म्हणजे इथल्या महापालिकेने, कार्यक्रम दिलेला. फळं, पाणी, दोरीच्या उड्या, महिन्याला वजन. करोना आला तसे आणखी दोन नियम आले. खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि घरचं खाणं कुणी कुणाला द्यायचं नाही.

येले येत राहिला, पण वसुधाकडे बघेना. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, पोरं आपापला डबा सेंटरात खातात. तो कोपऱ्यात बसला, डब्याचं झाकण समोर उभं धरून. हात डब्यात जायचा, तोंडाशी यायचा. मग चावायचा, सावकाश. वसुधा त्याच्या मागची खिडकी उघडायला गेली आणि तिला वरून दिसलं. डब्यात काही नव्हतं. धुतलेला, पुसलेला डबा.

तिने खिडकी उघडली आणि परत आली. एकदा बोलून काय झालं ते तिने बघितलं होतं.

येलेची आई हॉटेलात खोल्या साफ करायची. मार्चमध्ये हॉटेलने तिला घरी बसवलेलं. हे सगळ्यांना माहीत होतं. चार किलोही सगळ्यांना माहीत होते. दोन्ही एकत्र मात्र कुणी धरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मार्लूसने एक फॉर्म दिला. येलेचा तक्ता, खाली एक चौकट, 'कार्यक्रमाचा परिणाम उत्तम', तिथे टिक आणि वसुधाची सही. खेमेंटेला नमुना म्हणून पाठवायचा होता. फॉर्म घरी आला, जेवायच्या टेबलावर पडला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं, चंद्रहासचं, ऑफिस.

"सही करून टाक ना," तो म्हणाला. "डिसेंबरला तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. टेम्पररी माणसाने कशाला शहाणपणा करायचा?"

"अरे, तो रिकामा डबा खातो."

चंद्रहासने हेडफोन काढला. "म्हणजे?"

"चावतो. सगळ्यांसारखा. कुणाला कळू नये म्हणून."

तो मीटिंग चालू असतानाच उठला आणि चहा टाकला.

वसुधाने चौकट कोरी ठेवली. खाली लिहिलं, हे वजन कार्यक्रमाने नाही, भुकेने उतरलंय. मार्लूसने दोनदा वाचलं. तिचाही चेहरा पडला. मग काय करायचं, तिने विचारलं, त्याच्यासाठी काही आणून ठेवू का.

"त्याला एकट्याला नको," वसुधा म्हणाली. "बुधवारी टेबलावर ब्रेड-चीज ठेवा. सगळ्यांसाठी. ज्यांचे डबे भरलेले असतात त्यांच्यासाठी पण."

येलेचा तक्ता गेला नाही, दुसऱ्या कुणाचा गेला. पुढच्या बुधवारी टेबलावर ब्रेड होता. पहिल्या दिवशी येले जागचा हलला नाही. दुसऱ्या बुधवारी सगळ्यांच्या शेवटी उठला.

वसुधाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. बजेट नाही, म्हणाले. नसेलही. घरी चंद्रहास 'सांगितलं होतं ना' असं म्हणाला नाही.

तिच्या शेवटच्या बुधवारी वजनं होती. येले मोज्यांवर काट्यावर चढला. दीड किलो वर. मार्लूस शेजारीच होती, तिने हात खिशात ठेवले. वसुधाच्या जिभेवर एक मावशीचं वाक्य आलं होतं, ते तिने गिळलं आणि आकडा लिहिला.

येलेने कितीतरी दिवसांनी तिच्याकडे बघितलं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

तो उतरला, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि पोरांमध्ये जाऊन बसला. त्याच्या डब्याचं झाकण बाजूला उताणं पडलं होतं.