ठिपकीचा बाविसावा दिवस

खुट्ट.

मागच्या दाराची कडी वाजली आणि सूनबाईचा श्वास जागच्या जागी थांबला. दीड तास खांद्यावर थोपटल्यावर तान्हा नुकता कुठे झोपला होता. घर इतकं शांत होतं, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चोरपावलांनी चालल्यासारखं वाटत होतं. तिने बाळाकडे पाहिलं. ओठ चुकचुकले, पापणी थरथरली, पण झोप टिकली. मग तिने खिडकीतून परसात पाहिलं, आणि तशीच अनवाणी धावली.

सासूबाई बाह्या सरसावून खुराड्याकडे निघाल्या होत्या. हातात गार पाण्याची बादली.

बादली कुणासाठी, ते सांगायला नकोच होतं. खुराड्यात सहा कोंबड्या, आणि त्यांतली ठिपकी आठवड्यापासून खुडूक बसली होती. अंडी घालणं बंद, खाणंपिणं नावापुरतं. पिसं फुगवून पेटीत अशी बसायची, जशी काही पोटाखाली राज्याचा खजिनाच आहे. हात नेला की गुरगुरायची आणि नेम धरून चोच मारायची. आणि खजिना म्हणाल तर एक लाकडी अंडं, अंडी कुठे घालायची ते कोंबड्यांना कळावं म्हणून प्रत्येक पेटीत ठेवलेलं.

सासूबाईंचा तीस वर्षांचा कायदा साधा होता: जी बसली, ती बुडवायची. गार पाणी पोटाला लागलं की ऊब उतरते, डोकं ठिकाणावर येतं. नाहीच आलं, तर सायकलवाला कोंबडीवाला आहेच. ठिपकीला दोनदा बुडवून झालं होतं. दोन्ही वेळा ती पंख झटकून, सगळ्यांना ओलं करून, परत पेटीत जाऊन बसली होती.

"आई, थांबा ना."

"तू कशाला उठलीस? बाळ उठेल."

"झोपलाय. तिला नका बुडवू."

"मग काय पंख्याने वारा घालू?"

"तिला बसायचंय, तर बसू द्या की."

"लाकडावर? त्यातून काय स्टुलं बाहेर पडणार आहेत?"

सूनबाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "मी अंडी आणते. सुतारीणबाईंकडे कोंबडा आहे."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण खुराड्याच्या कारभारात सूनबाईने आजवर ब्र काढला नव्हता. खुराडं सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं. कुठली कोंबडी ठेवायची नि कुठली जायची, हा शब्द त्यांचाच. आज सून मधे उभी होती. केस विंचरलेले नाहीत, खांद्यावर दुधाचा डाग, आणि हलायचं नाव नाही.

"एकवीस दिवस," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्यात पिलू दिसलं तर तू म्हणशील तसं. नाही दिसलं, तर बाविसाव्या सकाळी कोंबडीवाला. मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"नाही काढणार."

नवऱ्याला हे संध्याकाळी कळलं. त्याने बूट काढता काढता दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

सुतारीणबाईंनी सात अंडी दिली, भुशात पुरून, खोक्यात. सूनबाईने प्रत्येकावर पेन्सिलने फुली मारली, म्हणजे दुसरी कुणी मधेच अंडं घालून गेली तर ते ओळखून काढता यावं. खुराड्यातल्या तिन्ही पेट्या एका मापाच्या, एका रंगाच्या. ठिपकीच्या, म्हणजे मधल्या पेटीच्या तोंडावर आडोसा हवा म्हणून तिने बाळाचं एक जुनं पिवळं दुपटं अडकवलं. ठिपकीने एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं, अंग डावं-उजवं हलवून बूड टेकलं आणि डोळे मिटले. सूनबाईला तो चेहरा ओळखीचा वाटला. बाळ पहिल्यांदा कुशीत दिलं तेव्हा आपणही असंच जगाला दार लावून घेतलं होतं.

दार लावलं तरी जग ऐकतंय थोडंच. कळपाला स्वतःची उतरंड असते. सगळ्यात वर जमादारीण: काळी, जाडजूड, तुरा एका डोळ्यावर कललेला. दाणे टाकले की पहिली चोच तिची, दांडीवरची मधली उबदार जागा तिची. सगळ्यात खाली ठिपकी. तिने दाणा टिपावा आणि कुणीही येऊन तिला टोचावं. रोज अकराला सूनबाई तिला पेटीतून उचलून बाहेर ठेवी. दहा मिनिटं. तेवढ्यात खायचं, प्यायचं, धुळीत लोळायचं आणि पळत परतायचं. जमादारीण त्या दहा मिनिटांचीच वाट बघत असे. म्हणून सूनबाई एका कडेवर बाळ आणि एका हातात झाडू घेऊन पहारा देई, आणि चार वर्षांची लेक काठी घेऊन फाटकाशी उभी राही. लेकीला सगळे मुंगी म्हणत, कारण झोप सोडली तर ती कधी एका जागी सापडायची नाही.

"आजी, जमादारीण ठिपकीला का मारते?" मुंगीने एकदा विचारलं.

"ती थोरली आहे म्हणून."

"तू पण थोरली आहेस."

"मी कुठे मारते?" सासूबाई म्हणाल्या, आणि सूनबाईने झाडूकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

सोळा दिवस असे डोळ्यांत तेल घालून गेले. सतराव्याला तेल संपलं.

बाळाला दात येत होते, आदली रात्र खांद्यावर गेली होती. सकाळी कपडे धुताना सूनबाईने परसातलं पिवळं दुपटंही बादलीत टाकलं, कारण ते धुळीने मळलं होतं. उन्हात वाळवलं, अकराला ठिपकीला बाहेर काढलं, पेंगुळल्या डोळ्यांनी दुपटं परत अडकवलं, बाळ रडलं म्हणून आत गेली. बाळाबरोबर तिचाही डोळा लागला.

मुंगीने तिला तीन वाजता हलवून उठवलं. "आई, ठिपकी घर चुकली."

दुपटं डावीकडच्या पेटीवर लटकत होतं. त्यामागे ठिपकी मन लावून बसली होती, लाकडी अंड्यावर. मधल्या पेटीत फुल्या मारलेली सात अंडी उघडी पडली होती. सूनबाईने एक उचललं. नळाखालच्या दगडासारखं गार.

बिचारीने सोळा दिवस त्या पिवळ्या पडद्याची खूण मनात धरली होती. खूण फिरवली कुणी, तर जिने ती बांधली तिनेच. सूनबाईने मग कामं एकामागून एक नीट केली. दुपटं जागेवर लावलं, ठिपकीला उचलून अंड्यांवर बसवलं. ठिपकी दचकली. पोटाला गार लागलं असणार. क्षणभर उभी राहिली. मग खाली वाकून एक अंडं उलटवलं, दुसरं उलटवलं आणि हळूहळू सगळ्यांवर पसरली.

संध्याकाळी सूनबाईने ती अंडी दोन-दोन करून जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात नेली आणि प्रत्येकाखाली विजेरी धरली. दोन अंडी नुसतीच उजळली. त्यांत कधी काही रुजलंच नव्हतं. बाकी पाच आतून काळीभोर, भरलेली. हलतंय का काही? ती श्वास रोखून बघत राहिली. एकही हललं नाही. शेवटच्यात टोकाशी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. कदाचित तिचाच हात हलला असेल.

कपाटातून बाहेर आली तर समोर सासूबाई.

"चूक माझी आहे, आई," तिने सगळं सांगून टाकलं. "तिची नाही. गार पडली की उशीर होतो म्हणतात सुतारीणबाई. एक दिवस वाढवून द्या."

"ठरलं ते ठरलं," सासूबाई म्हणाल्या आणि विजेरी तिच्या हातातून घेतली. "बाळाला मी बघते, जा, तोवर झोप जरा. विजेरीपेक्षा तुझेच डोळे जास्त लाल आहेत."

एकविसावा दिवस आला आणि गेला. दर तासाला सूनबाई पेटीशी कान नेई, ठिपकी गुरगुरे, ती परत येई. रात्रीच्या जेवणाला कुणी तो विषय काढला नाही. नवरा काढणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून मिठाबद्दल बोलला.

बाविसाव्या सकाळी फाटकाशी सायकलची घंटी वाजली. कोंबडीवाला मोठा हसतमुख माणूस, मागे वेताची टोपली. "कुठली न्यायची, आजी?"

सासूबाई काही बोलायच्या आत सूनबाई खुराड्याच्या दारात जाऊन उभी राहिली. खांद्यावर बाळ, पाठीला दार.

"कुठलीच नाही."

"ठरलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"हो, ठरलं होतं. शब्द मी दिला, मीच मोडतेय. काय बोलायचं ते मला बोला." तिचा आवाज चढला नव्हता, बाळ खांद्यावर होतं ना. "ती एकवीस दिवस उठली नाही, आई. घर मी चुकवलं. त्याची शिक्षा तिला देऊ देणार नाही. आज नाही, उद्या नाही."

कोंबडीवाल्याने अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. घरच्या बायकांच्या मधे पडू नये, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

तेवढ्यात सूनबाईच्या पायांमधून वाट काढून मुंगी खुराड्यात शिरली होती. तिचं डोकं पिवळ्या दुपट्याआड गेलं आणि तिथून घुमल्यासारखा आवाज आला. "आई, ठिपकीच्या पोटात कुणीतरी बोलतंय."

सूनबाईच्या आधी सासूबाई पोहोचल्या. गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं जमिनीवर न बसलेली ती बाई भुशात मांडी घालून बसली आणि पेटीशी कान लावला. ठिपकीही आज गुरगुरत नव्हती. घशातल्या घशात काहीतरी पुटपुटत होती, थांबत होती, परत पुटपुटत होती. आणि ती थांबली की खालून उत्तर येत होतं. चिक. टक. चिक.

सासूबाईंनी अलगद एक पंख उचलला. एका अंड्याला फुलीच्या शेजारीच तारेएवढी भेग गेली होती, आणि त्या भेगेतून तांदळाच्या कणीएवढी चोच हवा खात होती.

मग सासूबाई मांडीवरचा भुसा झटकत उठल्या, फाटकाशी गेल्या आणि ऐटीत म्हणाल्या, "तू नंतर ये, बाबा. घरात बाळंतीण आहे."

कोंबडीवाल्याने बाळाकडे पाहिलं. "अहो, हे तर चांगलं सहा महिन्यांचं दिसतंय."

"ही नव्हे. आत आहे ती."

दुपारपर्यंत तीन बाहेर आली, संध्याकाळी चौथं. पाचवं दुसऱ्या दिवशी उजाडताना, सगळ्यांत आरडाओरडा करत. पाचच्या पाच! सुतारीणबाई बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना सगळी कथा सांगितली आणि "आमच्या सूनबाईने" हे शब्द एवढ्या वेळा वापरले, की सूनबाई लाजून आत गेली.

पण खरा सामना राहिला होता. तिसऱ्या दिवशी ठिपकी पिलं घेऊन पहिल्यांदा अंगणात उतरली. पाच पिवळे-करडे गोळे तिच्या पायांत घोटाळत होते. जमादारीण कोपऱ्यातून तुरा कलवून निघाली. सूनबाईने सवयीने झाडूकडे हात नेला.

"राहू दे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "बघ नुसती."

ठिपकी पळाली नाही. तिने पंख जमिनीला टेकवले, मानेची पिसं उभी केली, आणि बघता बघता ती चिमुकली कोंबडी दुप्पट झाली. जमादारीण थबकली. एक पाऊल उचललं, ते तसंच हवेत राहिलं. मग ठिपकी बाणासारखी सुटली. काळं पीस उडालं, जमादारीण ओरडत बादलीला वळसा घालून पळाली आणि थेट दांडीवर जाऊन बसली. बाकीच्या चौघी लगबगीने बाजूला झाल्या. त्या सकाळी पहिला दाणा ठिपकीने उचलला, आणि स्वतः न खाता पिलांपुढे टाकला.

"बिचारी थोरली," सासूबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. सूनबाईने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग तीही हसली. दोघी इतक्या हसल्या, की खांद्यावरचं बाळही कारण न कळता बोळक्या तोंडाने सामील झालं.

मुंगीला मात्र हसायला वेळ नव्हता. तिने पेटीतून कवचाचा एक अर्धा तुकडा आणला होता, पेन्सिलची फुली असलेला. तो तिने डोळ्याला लावून आत पाहिलं, बोट घालून पाहिलं, मग आईच्या तळहातावर ठेवला.

"आई, आत तर त्याला ऊब होती ना? कुणी मारत पण नव्हतं. मग ते बाहेर कशाला आलं?"