सुळ्याची दुसरी धार

मी दात बनवतो. लोकांचे. माझे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांच्यामधून एक वाक्य जास्तीचं निसटलं. ही सगळी रड तिथून सुरू झाली.

आमच्याकडच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दरवर्षी राक्षसांच्या झुंजीची स्पर्धा भरते. राक्षस म्हणजे व्हिडिओ गेममधले. प्रत्येकाकडे सहा. दोन्हीकडून एकेक मैदानात उतरतो, पाळीपाळीनं हाणामारी होते, आणि ज्याचे सहाही आधी आडवे होतात तो हरला. खेळणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत, तशी माझ्यासारखी पोट सुटलेली मंडळीही आहेत. आमच्या स्पर्धेचा एक नियम मात्र खास आमचाच. खेळणाऱ्याच्या शेजारी एक खुर्ची असते, तिच्यात जोडीदार बसतो, आणि त्या जोडीदाराला अख्ख्या झुंजीत एकच वाक्य बोलायची मुभा असते. दुसरं बोललात की झुंज गेली. हा नियम पंचांनी काढला. पंच घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे माणूस मुळातच मोजूनमापून.

गेल्या वर्षी माझी लेक उपांत्य फेरीत खेळत होती. वय चौदा. खुर्चीत मी. माझं वाक्य मी तिसऱ्याच पाळीला उधळून बसलो होतो. नवव्या पाळीला ती जिंकायला आली. काय करायचं ते तिला कळलं होतं, समोरच्यालाही कळलं होतं, खाली पुस्तकं लावणाऱ्या बाईंनाही कळलं असतं. तरी माझ्या तोंडून गेलंच, "आता मार!"

पंचांनी घड्याळ बंद केलं. जिंकलेली झुंज मी लेकीच्या हातातून काढून समोरच्याच्या ओंजळीत घातली. तिनं खेळायचं यंत्र पिशवीत टाकलं, चेन लावली आणि घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

यंदा स्पर्धेला सहा आठवडे उरले तेव्हा सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, यावेळी खुर्चीत घुबड बसणार."

घुबड म्हणजे तिची वर्गमैत्रीण. मोठा चष्मा, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

"घुबड? अगं, ती तर बोलतच नाही."

"म्हणूनच."

मला फार वाईट वाटलं. उगाच कशाला लपवू? पंधरा वर्षांची मुलगी बापाला चारचौघांत शेजारी बसू देते अशी जागा जगात एकच होती, आणि ती लाकडी होती, हातमोडकी होती, पण माझी होती. ती सहा वर्षांची असताना हा खेळ तिला मीच शिकवला. पण हे सगळं बोलून दाखवायच्या ऐवजी मी भलतंच बोललो.

"आपण एक झुंज खेळू. मी जिंकलो तर खुर्ची माझी."

"आणि हरलास तर?"

"तर घुबडाची. मी अवाक्षर काढणार नाही."

"अवाक्षर तर तू काढणारच," आतून बायकोचा आवाज आला. बायको गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसणं हाच तिचा धंदा, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. "शेजारी बसायचं म्हणजे गप्प बसायचं, अरे. पाय तेवढा ब्रेकवर ठेवायचा. तुझा ब्रेकच कुठंय ते एकदा शोध."

झुंजीसाठी तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. मी कामाला लागलो.

लेकीला साध्या खेळानं हरवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ती माझ्यापेक्षा वेगानं विचार करते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. म्हणून मी ठरवलं, स्वीपर बांधायचा. स्वीपर म्हणजे असा गडी, जो शेवटी शेवटी मैदानात उतरतो आणि समोरची उरलीसुरली फौज एकट्यानं झाडून काढतो. पण तो नुसता उतरवून चालत नाही. त्याला आधी एक पाळी मोकळी मिळावी लागते. त्या पाळीत तो मारत नाही, फक्त धार लावून घेतो. एकदा धार लावली की ताकद आणि वेग दीडपट. ही एक पाळी मिळवून देणं एवढ्याचसाठी बाकीचे पाच जण असतात.

माझ्या सगळ्या राक्षसांची नावं दातांची आहेत. व्यवसायाचा परिणाम. जाडजूड, मार खाणारी ती दाढ. समोरच्यानं मैदानात पेरलेले काटे साफ करणारी पटाशी. अक्कलदाढ नावाप्रमाणे उशिरा येतो आणि घरच्यांनाच त्रास देतो. स्वीपर म्हणून मी लांब पायांचा एक सरडा निवडला आणि त्याचं नाव ठेवलं सुळा.

सुळ्यावर मी जे कष्ट घेतले ते गिऱ्हाइकांनी पाहिले असते तर दुसरीकडे गेले असते. प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या वहीत मी लेकीच्या सहाही राक्षसांचा वेग उतरवून काढला. राक्षसाला वाटून द्यायला ठरावीक गुण मिळतात; एका धारेनंतर सुळा सगळ्यांच्या पुढे पळेल, एवढे मी वेगात घातले. उरलेले ताकदीत. त्यातले चार काढून तब्येतीत टाकले. परत काढले. परत टाकले. कवळीला पॉलिश करायच्या मोटरसमोर बसून मी पुटपुटत असायचो.

इथे माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं कुठलंही काम एकदा करून संपत नाही. कवळी तयार झाली, चकाकली, डबीत गेली, तरी मी ती बाहेर काढतो आणि म्हणतो, अजून एक हात मारू. गेल्या महिन्यात एका निवृत्त निवेदकांची वरची कवळी मी चार वेळा पॉलिश केली. इतकी गुळगुळीत केली की ती पातळ झाली आणि सफरचंदाच्या पहिल्याच घासाला तिचे दोन तुकडे झाले. ज्या डॉक्टरीणबाई मला काम देतात, त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या वेळेपर्यंत ती चांगली होती हो." निवेदक फोनवर आले, पण ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. दातच नव्हते.

रविवार उजाडला. जेवणाच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो. घुबड तटस्थ साक्षीदार म्हणून स्टुलावर. बायको भाजी निवडत होती, म्हणजे बघत होती.

आणि काय सांगू, सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे घडलं! दाढेनं मार खाल्ला आणि धारातीर्थी पडली. पटाशीनं काटे साफ केले आणि तीही गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघे. अक्कलदाढ आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला आणि लेकीच्या दगडी कासवाला बरोबर घेऊनच आडवा झाला. कासव हा सुळ्याच्या वाटेतला एकमेव धोंडा होता. आता माझा एकटा सुळा उरला होता. तिचे चार बाकी, आणि मैदानात तिचं एक अर्धमेलं वटवाघूळ, ज्याच्यानं सुळ्याचा केसही वाकडा होणार नव्हता.

मी सुळा उतरवला. धार लावली. सुळ्याच्या अंगावरून लाल झाक फिरली आणि माझ्या अंगावर काटा आला.

आता फक्त मारायचं होतं. चौघांना चार घाव. वहीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिघे नक्की मरणार. चौथा, तिचा चिलखती भुंगा, आठात सात वेळा मरणार. आठात एकदा तो जेमतेम तग धरणार.

आठात एकदा! ते एक मला खुपायला लागलं. समोर वटवाघूळ तर धापा टाकतंय. पाळी जणू फुकटचीच आहे. आणखी एकदा धार लावली तर भुंग्याचीही खात्री. मी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा. मी मनात म्हटलं, अजून एक हात मारू.

मी दुसरी धार लावली.

त्याच पाळीला लेकीनं वटवाघूळ मागे घेतलं. पडद्यावर अक्षरं आली: 'बाबा मैदानात उतरला.'

एक लगदा आला. गुलाबी, बिनहाडाचा, डोळे मिचमिचे. हा तिच्या संघात मी कधी पाहिलाच नव्हता.

"हा कोण?"

"बाबा," ती म्हणाली.

त्या लगद्याला ना ताकद, ना तब्येत. एका घावात मरणारा प्राणी. त्याला एकच गोष्ट येते. ज्या पाळीला तो मैदानात येतो, तिच्यात त्याला एकही घाव बसला नाही, तर तो हुबेहूब समोरच्यासारखा होतो, लावलेल्या धारेसकट. ती पाळी मी त्याला दिली होती. लगदा ताठ झाला, त्याला लांब पाय फुटले, अंगावरून लाल झाक फिरली. एकदा. दुसऱ्यांदा. त्यात लेकीनं त्याला वेग वाढवणारा पट्टाही बांधला होता. माझ्या बोटाखालचं बटण दाबून होईपर्यंत त्यानं सुळ्याला लोळवलं होतं.

'बाबा जिंकला,' असं पडद्यावर आलं. बाबा हरून टेबलाशी बसला होता.

घुबडानं चष्मा वर सरकवला. तिच्या तोंडावर हसू होतं, पण मुलगी सभ्य, तिनं ते गिळलं. बायकोनं गिळलं नाही.

"हा भयंकर धोक्याचा प्राणी आहे," मी म्हणालो. माझा आवाज जरा चिरकलाच. "एक फटका बसला असता तर मेला असता! असला गडी कोण संघात ठेवतं?"

"कोणीच नाही," लेक म्हणाली. "मी पण फक्त तुझ्यासाठी ठेवला. दुसरं कोणी त्याला एवढा वेळ देतच नाही, बाबा."

तीन आठवडे मी तिच्या राक्षसांचे वेग मोजत होतो आणि ती बसल्या जागी मला मोजत होती.

खुर्ची गेली. दोन दिवस मी घरात तोंड लांब करून फिरलो. तिसऱ्या दिवशी लेक माझ्या कामाच्या खोलीत आली, मोटरच्या आवाजात जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सुळा देशील? स्पर्धेपुरता. चांगला झालाय तो."

मला एवढा आनंद झाला की हातातली कवळी मी खरंच डबीत ठेवली आणि परत बाहेर काढली नाही. सुळा तिला देताना मी फक्त म्हणालो, "एकदाच धार लाव हं."

"हे तू मला सांगतोयस?"

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसलो. बायकोला शिकवणी होती, तिच्या जागेवर मी माझी पिशवी ठेवली. लेक एकेक फेरी पार करत गेली. घुबड त्या मोडक्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसायची आणि नेमक्या वेळी नेमकं एक वाक्य बोलायची. मला मान्य करायला जड जातंय, पण ती माझ्यापेक्षा दसपट बरी जोडीदार होती.

अंतिम फेरीत समोर एक बेकरीवाला होता, गोल, हसरा आणि बेरकी. लेकीनं त्याचे चार पाडले, तिचेही पाच गेले. घुबडाचं वाक्य खर्च झालेलं होतं. मग लेकीनं सुळा उतरवला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझा सुळा! शेजारच्या माणसाला मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही. लेकीनं धार लावली. आता दोन घाव, की खेळ खलास.

ती थांबली. मी तिची मान मागून पाहत होतो. डोकं किंचित डावीकडे झुकलं. कवळी डबीतून परत बाहेर काढताना माझं डोकं असंच झुकतं, हे मला बायकोनं अनेकदा सांगितलंय. ती आठातलं एक मोजत होती.

मी जीभ दातांखाली घट्ट धरली. रांगेतून घरचं कोणी बोललं तरी ते जोडीदाराचं दुसरं वाक्य धरतात, म्हणजे बोललो असतो तर पुन्हा झुंज गेली असती. नाही बोललो तर ही अशीही जाणारच होती.

सुळ्याच्या अंगावरून दुसऱ्यांदा लाल झाक फिरली. बेकरीवाल्यानं हसत हसत आपलं ढोलं अस्वल आणलं. अस्वलानं जबडा उघडला आणि अशी डरकाळी फोडली की सुळ्याच्या दोन्ही धारा उतरल्या. पार. परत साधा सरडा. पुढच्या दोन पाळ्यांत तो आडवा झाला.

पंचांनी घड्याळ बंद केलं. टाळ्या झाल्या. लेकीनं बेकरीवाल्याशी हात मिळवला, घुबडाच्या खांद्यावर थोपटलं आणि सरळ तिसऱ्या रांगेत आली. माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या जागेवर बसली. डोळे भरलेले होते.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "बरं. एक वाक्य. एकच."

माझ्याकडे चार तयार होती. अस्वलाबद्दल एक, आठात एकाबद्दल एक, मी आधीच सांगितलं होतं हे एक, आणि चौथं तर फारच मुद्देसूद होतं. मी ती सगळी गिळली.

"मीही दुसरी धार लावली असती," मी म्हणालो.

तिला हसू फुटलं, रडू पण. तिनं बाहीनं नाक पुसलं. समोर पंच खुर्च्या गोळा करायला लागले. ती मोडकी खुर्चीही त्यांनी उचलली.

"पण त्या पाळीला जर तू आधी—"

"बाबा."

"बरं."

माझी पिशवी मांडीवर धरून ती तशीच शेजारी बसून राहिली.