मधल्याला विचारायचं

त्या रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा आण्णा, माझे वडील, दुकानात एकटेच होते. राजारामपुरीत, एका शिकवणीच्या जिन्याखाली, दूध संस्थांची यंत्रं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. आक्का, माझी आई, गेल्यापासून ते तिथंच जास्त असत. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते.

त्यांनी स्टूल पुसून पुढं सरकवलं आणि एक जुनी लग्नपत्रिका हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढलेली आकृती. वही त्यांनी कधी घेतली नाही.

"ओळखलंस?"

ओळखलं. दुधाच्या टाकीचं तापमान दाखवणारी त्यांची डबी. तापमानाबरोबर विजेचा दाब चढतो, आणि जितका चढेल तितक्या, तारांच्या सात ओळींपैकी, खालून एकेक करून पेटतात, म्हणजे त्यांत वीज येते. पेटलेल्या ओळींचा आकडा मग शून्य-एकच्या तीन घरांत बसवायचा. पुस्तकी रीतीनं याला बरीच जोडाजोड लागते. आण्णा आयटीआय शिकलेले. त्यांनी स्वतःची रीत काढली होती.

"सगळ्यांस्नी कशाला विचारायचं? मधल्या चौथीला विचार. ती पेटली म्हंजे खालच्या तिन्ही पेटल्यात की. मग वरच्याच तीन बघायच्या. न्हाय पेटली, तर खालच्या तीन. परत त्यातल्या मधलीला विचार. चार स्विचांत काम खल्लास!"

हे त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मी ते कंपनीत फळ्यावर मांडलं. कानामागं बसणाऱ्या श्रवणयंत्राची चिप आम्ही तयार करत होतो. जागा नव्हती, बॅटरी हरभऱ्याएवढी. आण्णांची रचना तिथं नेमकी बसली. ती मला कशी सुचली, असं साहेबांनी विचारलं. मी हसले फक्त. अहवालावर माझं नाव आलं, नंतर बढती.

"वरच्या शिकवणीचं सर म्हणालतं, मासिकाला पाठवा," आण्णा म्हणाले. "पाठवू? तू एकदा बघ. चुकलंय काय कुठं?"

छापलं गेलं असतं तर पुण्यात कुणीतरी वाचलं असतं.

"आण्णा, आता असं कुणी करत नाही," मी म्हणाले. "तयार चिप मिळते. आणि यात एक ओळ बिघडली की आकडाच चुकतो."

ओळ बिघडली तर पुस्तकी रीतीतही आकडा चुकतो. मला ते माहीत होतं.

"व्हय?" त्यांनी पत्रिका परत घेतली, थोडा वेळ बघितली आणि टेबलाला तेल लागू नये म्हणून डब्याखाली घातली. "बस. जेवून घे."

सोमवारी पहाटे मी पुण्याला निघाले. मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर उचलताना आण्णा कोसळले आणि जागीच गेले.

बारावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. मी रोज दुकान उघडून बसू लागले. घरात बसवत नव्हतं. डोक्यावर जिन्यातून पोरांची पावलं धडधडत जात, मग तासभर काही नाही. लोकांची यंत्रं चिठ्ठ्या बांधून ठेवलेली होती. मी ती ज्याची त्याला देत होते.

चौथ्या दिवशी उचगावच्या दूध संस्थेतले ज्ञानूकाका आले. आण्णांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी पिशवीतून एक छोटी पट्टी काढून टेबलावर ठेवली. आण्णांचे चार स्विच तिच्यावर होते.

"जायच्या आदल्या दिवशी आलता. सोमवारी. आमच्या डबीतनं ही काढली आन् इकतची चिप बसवून गेला. म्या म्हणलं, आकाराम, खुळा काय तू? पाच वर्षं बिनबोभाट चालल्याली गोष्ट कशाला उचकटतोस? तर म्हणतोय, पूर्णिमा म्हणती ह्यात चूक हाय. ती शिकल्याली हाय, तिला बरोबर कळणार."

मी पट्टी हातात घेतली. आण्णांनी घातलेले कथलाचे टाके अजून चकचकीत होते.

"मासिकाचा लिफाफा पण फाडला गड्यानं. माझ्याम्होरंच." ज्ञानूकाका स्टुलावर बसले. "मला ह्यातलं काय कळत न्हाय, पोरी. पन पाच वर्षांत एकदा बी आकडा चुकला न्हाय. खरंच चूक हुती व्हय त्याची?"

वरचा वर्ग सुरू झाला होता. जिना शांत होता.

"नाही काका," मी म्हणाले. "चूक नव्हती. मी खोटं बोलले. त्यांची रीत मी माझी म्हणून कंपनीत दिली, आणि आण्णांना कळू नये म्हणून त्यांचं चुकलंय असं सांगितलं."